वरणातली डाळ आणि पाठीचा कणा

सबमिशनचा आठवडा आला की आपल्या होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एक वास सुटतो. तो मेसमधल्या फोडणीचा नसतो. तो असतो बामचा! कुणाची मान धरलेली, कुणाची कंबर, कुणाला जिना उतरताना गुडघ्यात कळ... आणि वय विचाराल तर एकोणीस, वीस, फार तर एकवीस. घरी जी बाटली आजीच्या उशाशी असते, ती आमच्या मजल्यावर खिडकीत, ड्राफ्टरच्या शेजारी ऐटीत उभी असते.

यावर प्रत्येकाकडे स्पष्टीकरण तयार आहे. बेडवर मांडी घालून लॅपटॉप, लायब्ररीतल्या त्या ऐतिहासिक खुर्च्या, पाठीवर दहा किलोची सॅक. हे सगळं खरंच आहे, मी नाकारत नाही. पण मित्रमैत्रिणींनो, आपण इंजिनिअर होणार आहोत ना? स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पहिल्याच लेक्चरला सर काय सांगतात? बीम मोडला तर प्रश्न दोन विचारायचे. लोड किती होता, आणि मटेरियल काय होतं? आपल्या पाठीबद्दल आपण फक्त पहिला प्रश्न विचारतो. दुसरा प्रश्न विचारायचा तर मेसच्या भटारखान्यात जावं लागतं. आणि तो आत्ताच विचारायला हवा, कारण येत्या जूनमध्ये मेसचं नवीन कॉन्ट्रॅक्ट होणार आहे. त्याचा मसुदा मी वाचला. त्यात "दोन भाज्या, वरण, भात, चपाती अमर्यादित, रविवारी फीस्ट" असं सगळं आहे. कशाचंही वजन मात्र कुठेच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या कागदावर नुसती पदार्थांची नावं नकोत, ग्रॅम हवेत.

आता हाडांकडे येऊ. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या वर्गात भिंतीवर एक चार्ट होता. एका बाजूला दुधाचा ग्लास, दुसऱ्या बाजूला पांढरंशुभ्र हाड आणि मध्ये बाण. सिस्टर पट्टीने बाण दाखवायच्या आणि आम्ही चाळीस जणी एका सुरात "कॅल्शियम" म्हणायचो. चार्ट चुकीचा नव्हता, अपुरा होता. त्यावरून वाटतं की हाड म्हणजे खडू. खडू कसा मोडतो ते आपण रोज बघतो! हाड खरं म्हणजे आर.सी.सी.सारखं असतं. कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक म्हणजे काँक्रीट, ते दाब सोसतात. आणि त्यांच्यात विणलेले कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू म्हणजे सळया, ते ताण सोसतात. सिव्हिलवाल्यांना यापुढे सांगायला नको. नुसत्या काँक्रीटचा स्लॅब कुणी टाकत नाही.

म्हणजे हाडाला कॅल्शियम लागतं तितकीच प्रथिनं लागतात. कोलॅजन नीट विणायला क जीवनसत्त्वही लागतं. पूर्वी महिनोन्‌महिने समुद्रावर असलेल्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. त्या स्कर्व्हीमागे हेच कारण, नवीन कोलॅजन धड तयार होत नव्हतं. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरने आजारी खलाशांच्या जोड्या पाडून प्रत्येक जोडीला वेगळं काहीतरी देऊन पाहिलं, आणि संत्री-लिंबू खाणारी जोडी झपाट्याने बरी झाली. आपल्याकडे तर संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असलेला पेरू गेटबाहेर गाडीवर मिळतो, तिखट-मीठ लावून! तिथे गर्दी कमी आणि शेजारच्या वेफर्सच्या दुकानात जास्त, हा भाग वेगळा.

मेकॅनिकलवाल्यांसाठी एक गोष्ट सांगते, मला स्वतःला ही फार आवडते. १८६६ च्या सुमारास झुरिकमध्ये हर्मान फॉन मायर या शरीरशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला. हाडाच्या डोक्यात आतून जाळी असते, ती त्यात दिसत होती. बघणाऱ्यांत कार्ल कुलमान होते, ग्राफिक स्टॅटिक्सचे मोठे प्राध्यापक. त्यांना दिसलं की या जाळीच्या रेषा वाकड्या मानेच्या क्रेनमध्ये काढलेल्या ताण-दाबाच्या रेषांसारख्या जातात. पुढे १८९२ मध्ये युलियस वोल्फ या जर्मन सर्जनने यावरूनच आपला नियम मांडला. हाडावर जसा भार येतो, तसं ते स्वतःची रचना बदलतं. भार पडला तिथे जाड होतं, भार गेला तिथे विरळ होतं. म्हणजे हाड हे एकदा बांधून सोडलेलं बांधकाम नाही. तिथे कायम डागडुजी चालू असते, जुनं खरवडून नवीन भरलं जातं. वोल्फचा नियम फक्त नवा माल कुठे टाकायचा तेवढं सांगतो. माल आणायचा कुठून? तो ताटातूनच येणार.

आणि ताटातून आला नाही तर? इथे शरीर जरा निर्दय वागतं. आपलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या एका टक्क्यातलं थोडंसं रक्तात असतं. पण त्या थोड्याशावर हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश हे सगळं अवलंबून असतं, त्यामुळे रक्तातली पातळी ढळू देऊन चालत नाही. ती जरा खाली आली की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हुकूम सोडतात आणि हाडातलं कॅल्शियम काढलं जातं. तुम्हाला कळतसुद्धा नाही. काही दुखत नाही, रक्ताच्या रिपोर्टमध्येही कॅल्शियम बरेचदा नॉर्मलच येतं. घरून पैसे आले नाहीत म्हणून फिक्स्ड डिपॉझिट मोडून महिना काढावा, तसं हे चालतं.

हे डिपॉझिट भरण्याचं वय कोणतं? हेच, आपलं! हाडांची घनता पंचविशी-तिशीपर्यंत काय ती वाढते आणि त्यातला बहुतेक भाग विशीच्या आसपास भरून झालेला असतो. नंतर काही वर्षं पातळी टिकते, मग उतार. बायकांमध्ये पाळी थांबल्यावर तो उतार एकदम तीव्र होतो. आपल्या आज्या वाकतात, बाथरूममध्ये घसरण्याचं निमित्त होऊन खुबा मोडतो, तेव्हा सगळे म्हणतात "वय झालं". पण त्यांचं खातं किती भरलं होतं हे त्यांच्या विशीतच ठरलं होतं. होस्टेलची चार वर्षं म्हणजे खातं भरण्याची शेवटची चार-पाच वर्षं. म्हणून मेसच्या वरणाकडे "चालायचंच, होस्टेल आहे" असं म्हणून दुर्लक्ष करायला मी तयार नाही.

मणक्यांच्या मधल्या चकत्यांचं गणित आणखी वेगळं. मोठ्या माणसाच्या चकतीत आत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. वरच्या-खालच्या मणक्यांतून जे पाझरत येईल त्यावर तिने जगायचं. दिवसभराच्या भाराने तिच्यातलं पाणी हळूहळू बाहेर जातं आणि रात्री आपण आडवे झालो की परत येतं. म्हणून आपली उंची सकाळी उठल्यावर रात्रीपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त भरते. खोटं वाटत असेल तर भिंतीवर पेन्सिलने खूण करून बघा (रेक्टर मॅडम, सॉरी). नाईट मारून सलग दोन दिवस बसून राहिलं की चकतीला आडवं होण्याचा हा वेळच मिळत नाही. आणि बॉइज होस्टेलच्या मागे टपरीवर ब्रेक घ्यायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की सिगारेटमुळे रक्तवाहिन्या आकसतात. जिथे रक्त मुळात काठाकाठाने पोहोचतं, तिथे तर आणखीच दुष्काळ. सांध्यांमधल्या कुर्चेचीही तीच कथा. तिलाही रक्तवाहिन्या नाहीत, सांध्यातल्या वंगणातून मिळेल ते खायचं, आणि ते आत-बाहेर खेळतं सांधा हलला तरच.

आता आपल्या ताटाकडे. मी आणि माझी रूममेट दोघी गेल्या महिन्यात मेसच्या काकांकडे गेलो. त्यांना वाटलं, केस सापडला म्हणून तक्रार घेऊन आलो. आम्ही म्हटलं, "काका, तक्रार नाही, फक्त एका वेळेला डाळ किती टाकता ते सांगा." ते जरा घुटमळले, पण शेवटी सांगितलं. एका जेवणाला चार किलो तूरडाळ. जेवणाऱ्या तीनशे. भागाकार सोपा आहे, माणशी तेरा ग्रॅम! शंभर ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे आपल्या वाटीत तीन ग्रॅमसुद्धा नाहीत. बाकी पाणी, हळद आणि वर तरंगणारी कोथिंबीर.

यापुढचं गणित आम्ही रूमवर बसून केलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांची कोष्टकं काढली आहेत आणि २०२० मध्ये रोजच्या गरजेचे आकडे. त्यांच्या हिशेबाने निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. ५५ किलोच्या मुलीला सुमारे ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या मुलाला ५४. कॅल्शियम दोघांनाही १००० मिलिग्रॅम.

समजा एखादी मुलगी सकाळी पोहे खाते, दोन्ही वेळा तीन-तीन चपात्या, भात, वरण, बटाट्याची भाजी आणि दिवसात दोन चहा. तिच्या पोटात जातात ४३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. म्हणजे जवळजवळ पुरेशी! मला हे उत्तर बघून धक्काच बसला. मी उगाच मेसला शिव्या घालायला तयार होऊन बसले होते.

इथे मला डॉ. पां. वा. सुखात्म्यांची आठवण काढावीशी वाटते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा हा माणूस जगभरात संख्याशास्त्रज्ञ म्हणून गाजला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकीचा प्रमुख होता, १९७१ मध्ये पद्मभूषण झाला. त्या काळात सगळं जग "गरीब देशांत प्रथिनांची तूट" म्हणून ओरडत होतं. सुखात्मे म्हणाले, धान्य आणि डाळीचं साधं जेवण पोटभर मिळालं तर प्रथिनं बहुधा आपोआप पुरतात, तूट आहे ती पोटभर जेवणाची. आमच्या रूमवरच्या कागदाने तेच सांगितलं. पूर्ण जेवणारीचं भागतं.

पण पूर्ण जेवतं कोण? सकाळचं लेक्चर म्हणून पोहे बुडालेले. चपाती गार आणि चिवट म्हणून दोनवर हात आखडलेला. "वजन वाढतं" म्हणून रात्रीचा भात बंद. आमच्या मजल्यावरच्या बहुतेक मुलींचं जेवण हे असं आहे. याचा हिशेब केला तर प्रथिनं येतात २८-२९ ग्रॅम. रात्री अकराला भूक लागते तेव्हा नूडल्स आणि फरसाण. त्यातून कॅलरी भरून निघते, वजनही वाढतं, पण बांधकामाचा माल काही येत नाही. शिवाय मीठ जास्त झालं की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जातं. वजनाचंही सांगते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गुडघे झिजलेल्या स्थूल वृद्धांचं वजन एक किलो घटलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी घटतो असं दिसलं. हेच उलट्या बाजूने वाचून बघा.

आणि कॅल्शियम? तिथे तर पूर्ण जेवणारीसुद्धा नापास. गहू, तांदूळ, बटाटा यांत कॅल्शियम नावालाच. दोन चहातलं दूध धरूनही बेरीज अडीचशे-तीनशेच्या पुढे जाईना. हजारापैकी तीनशे! के.टी. लागायला एवढे मार्क पुरेसे आहेत. खरी गळती इथे आहे, आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. सगळ्या पोरांच्या तोंडी फक्त प्रोटीन, प्रोटीन.

प्रोटीनवरून पावडरीकडे वळावंच लागेल. बॉइज होस्टेलमध्ये जिमला जाणाऱ्यांच्या कपाटावर ते मोठे काळे डबे असतात. माझा त्यावर राग नाही. व्हे म्हणजे पनीर किंवा चीज केल्यावर जे पाणी उरतं त्यातलं प्रथिन. घरी आई त्याच पाण्यात कणीक भिजवते. चांगलंच असतं ते. पण ज्याचं वरण पातळ आणि दूध शून्य आहे, त्याने महिन्याचे एवढे पैसे डब्यावर घालणं म्हणजे पाया न खणता तिसऱ्या मजल्याला टाइल्स लावणं. फुटाणे, शेंगदाणे, सोयाबीन, अंडी या गोष्टी किराणा दुकानात मिळतात, त्यावर स्नायूंचे फोटो नसतात एवढंच. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, मूठभर फुटाण्यांत तेवढीच. आणि कोलॅजनच्या त्या महागड्या पुड्या? खाल्लेलं कोलॅजन पोटात गेल्यावर बहुतांश पचून तुकडे होतं, ते उचलून थेट तुमच्या गुडघ्यात नेऊन बसवलं जात नाही. जाहिरातीत मात्र तसाच बाण दाखवतात. पुन्हा आमच्या सिस्टरांचा चार्ट!

दुसरी गंमत पालकाची. "मेसमध्ये पालक असतो की, त्यात कॅल्शियम असतं," असं मला मेस कमिटीतल्या एका मुलीने ऐकवलं. असतं, पण पालकातलं ऑक्झॅलेट त्याला धरून ठेवतं. त्यातलं अगदी थोडं, वीस भागांत एखादा भाग, शरीराला मिळतं. दुधातलं जवळजवळ तिसरा हिस्सा मिळतं. पालक खा, लोह आणि इतर गोष्टींसाठी जरूर खा, पण कॅल्शियमच्या रकान्यात तो लिहू नका. तिथे लिहायची ती नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या वर मिलिग्रॅम कॅल्शियम, आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम सात-आठ! कोकणात जिला गरिबाचं अन्न म्हणून हिणवलं, तिच्यासाठी २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. आता मॉलमध्ये तिची बिस्किटं चकचकीत पुड्यात येतात आणि पुढे मोठ्या अक्षरांत "रागी" लिहिलेलं असतं. आमची आजी ते वाचून म्हणाली, "अगं, ही तर आपली नाचणीच की!"

ड जीवनसत्त्वाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून पुरेसं शोषलंच जात नाही. ते जेवणात फार कमी असतं, थोडं मासे आणि अंड्याच्या बलकात. मुख्य कारखाना आपली कातडी आणि कच्चा माल ऊन. भारतात उन्हाला काय तोटा? पण नऊ ते पाच आपण लेक्चर हॉलमध्ये आणि प्रॅक्टिकलला असतो. खिडकीतून येणारं ऊन चालत नाही, काच नेमके तेच किरण अडवते. स्कूटीवर जाताना आम्ही मुली स्कार्फ, गॉगल, हातमोजे घालून दरोडेखोरांसारख्या दिसतो. माझ्या रूममेटची पाठ पी.एल.मध्ये इतकी दुखायला लागली की तिला उठता येईना. डॉक्टरांनी आधी तपासलं, मग विचारलं, "जेवता काय? उन्हात जाता का?" तपासणीत ड जीवनसत्त्व खूपच कमी निघालं. त्यांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दिला आणि खुर्ची बदलायला सांगितली. आता ती बरी आहे. कशाने बरी झाली हे मी सांगू शकत नाही, तीनही गोष्टी एकदम झाल्या. पण म्हणून सगळ्यांनी उठून मेडिकलमधून त्या गोळ्या आणू नयेत. त्या जास्त झाल्या तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो. तपासणी आणि डॉक्टर, याच क्रमाने. पायाला मुंग्या येत असतील, पाय बधिर होत असेल, तर वरणाची चर्चा सोडून सरळ डॉक्टर गाठावा. शुद्ध शाकाहारी मुलांमध्ये मुंग्यांचं कारण कधी कधी बी-१२ ची कमतरताही असते, तेही रक्त तपासूनच कळतं.

नाचणी खाऊन दुखणारी पाठ उद्या थांबेल असं मी म्हणत नाही. तसं कुणी म्हणत असेल तर त्याला काहीतरी विकायचं आहे. नुसतं खाऊनही भागणार नाही, वोल्फसाहेबांचा भार हवाच. ग्राउंडला दोन चक्कर, जिने, दोरीवरच्या उड्या, काहीही. पण व्यायाम ज्याचा त्याने करायचा असतो. जेवण मात्र आपण तीनशे जणी मिळून एका पातेल्यातून घेतो, म्हणून त्याचा निर्णयही मिळूनच घ्यावा लागतो.

तर कॉन्ट्रॅक्टबद्दल. डाळ माणशी तेरावरून तीस ग्रॅम करा, एवढं एक कलम सगळ्यात आधी हवं. दोन वेळचे मिळून ३४ ग्रॅम वाढले. डाळ १४० रुपये किलो धरली तर दिवसाला पावणेपाच रुपये, आणि त्यातून सात ग्रॅमहून जास्त प्रथिनं. यावर काका म्हणाले, "मुली वरण घेतच नाहीत, सगळं ओततो आम्ही." अहो काका, पाणी कोण घेणार? घट्ट करून तर बघा! आठवड्यातून तीनदा मोड आलेली मटकी किंवा मूग, वरणाच्या जागी नाही, एका बटाट्याच्या जागी.

नाचणीची भाकरी मीही सुचवली होती. त्यावर मेसमधल्या मावशींनी मला असं काही सुनावलं की बास. "तीनशे भाकऱ्या कोण थापणार गं बाई? तू येतेस का पहाटे चारला?" बरोबर आहे त्यांचं. त्या पाच जणी आहेत, आणि त्यांच्याही कंबरा आहेत. त्यांच्या दुखण्यावर कुणी लेख लिहीत नाही. भाकरीचा हट्ट सोडून आम्ही त्यांनाच विचारलं, मग काय जमेल? त्यांनीच सुचवलं ते आंबील. नाचणीचं पीठ रात्री भिजवून ठेवायचं, सकाळी मोठ्या पातेल्यात शिजवायचं, वरून ताक, मीठ, जिरं. एका बाईचं काम. माणशी तीस ग्रॅम पीठ धरलं तर शंभर मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, ताकाचं आणखी वेगळं. आणि लेक्चरला पळता पळता ग्लासातून पिता येतं, हा तर पोह्यांपेक्षा फायदाच.

त्यात रोज एक ग्लास दूध घाला, साधारण २४० मिलिग्रॅम. दुपारी वाटीभर दही, सव्वाशेच्या जवळ. ताटात चमचाभर तिळाची चटणी. एवढं केलं की अडीचशे-तीनशेवरची बेरीज आठशेच्या घरात जाते. हजार नाही, पण फर्स्ट क्लास आहे. खर्च सगळ्यात जास्त दुधाचा येतो, ते लपवत नाही. पण मागच्या वर्षीच्या रविवारच्या फीस्टमध्ये गुलाबजाम, आइस्क्रीम आणि कोल्ड्रिंक अशा तिन्ही गोष्टी एकाच ताटात होत्या. त्यातल्या दोन कमी केल्या तर आठवड्याच्या दुधाचा बराच भाग सुटेल. हे वाचून माझ्यावर चिडणाऱ्या मैत्रिणींची यादी मला आत्ताच दिसते आहे. गुलाबजाम ठेवा, बाकीचं काढा, झालं?

शेवटचं कलम वजनकाट्याचं. मेस कमिटीतल्या एकीने आठवड्यातून एक दिवस, न सांगता, कोणत्याही जेवणाला टाकायच्या आधी डाळ तोलायची आणि आकडा फळ्यावर लिहायचा. काकांवर संशय म्हणून नाही. त्यांनाही ठरलेल्या दरात भागवायचं असतं, आणि दर आपणच दरवर्षी घासाघीस करून खाली आणतो. दर दोन रुपयांनी कमी झाला की आपण टाळ्या वाजवतो, ते दोन रुपये कुठून गेले हे वाटीत दिसतं.

मसुदा रेक्टर मॅडमच्या ऑफिसबाहेर नोटीस बोर्डवर लावलेला आहे. खाली सूचनांची वही दोरीने बांधून ठेवली आहे. मी हे लिहीपर्यंत तिच्यात अकरा सूचना आल्या होत्या. सहा पनीर वाढवण्याबद्दल, चार वायफायबद्दल (मेसच्या वहीत!), आणि एक डाळीबद्दल. ती माझी आहे. वही महिनाअखेरपर्यंत तिथेच असेल. पेन मात्र घेऊन जा, बांधलेलं पेन कुणीतरी नेलं आहे.